तरवडीचा छापखाना: खेड्यातून ५७ वर्षं निघालेल्या 'दीनमित्र'ची गोष्ट

पोफळीजवळ कुंभार्ली घाटात दरड कोसळली, तर तिचा फोटो पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. चिपळूणचा पत्रकार तिथे पोचायच्या आधी मुंबईतल्या नातेवाइकांचे फोन सुरू झालेले असतात. गावातली बातमी गावातूनच जगाला सांगणं आज आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यात काही विशेष आहे, हेच लक्षात येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मात्र बातमी खेड्यात घडायची आणि छापखाना शहरात असायचा. त्यामुळे खेड्यातलं काय छापायचं, किती छापायचं आणि कोणाच्या बाजूने छापायचं, हे शहरात बसलेली माणसं ठरवायची.

हे चित्र उलटं करणारं एक गाव महाराष्ट्रात आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं तरवडी. इथून 'दीनमित्र' नावाचं साप्ताहिक निघायचं. संपादक गावातच राहायचे आणि छापखानाही गावातच होता. १९१० ते १९६७ अशी ५७ वर्षं हे पत्र एका माणसाने चालवलं. त्यांचं नाव मुकुंदराव पाटील.

एका खेड्याला स्वतःचा छापखाना का लागला? तो चालवायचा म्हणजे काय काय करावं लागायचं? आणि अशा इमारतींचं आज काय होतं? समजून घेऊ.

आधी कोकणाकडे पाहू

मराठी वृत्तपत्रांची गोष्ट सुरू होते ती रत्नागिरीच्या मातीतल्या एका माणसापासून. बाळशास्त्री जांभेकर यांचं गाव पोंभुर्ले. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे, पण तेव्हा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, हा परिसर रत्नागिरीचाच भाग होता. बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र. म्हणूनच ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो.

पण 'दर्पण' निघालं कुठून? मुंबईतून. पोंभुर्ल्यात जन्मलेल्या माणसाला वृत्तपत्र काढायला मुंबई गाठावी लागली. छापखाना तिथे होता, टाइप तिथे होता, इंग्रजी जाणणारा वाचकही तिथेच होता. 'दर्पण'मध्ये एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असायचा, कारण ते सरकारी अधिकाऱ्यांनीही वाचावं अशी अपेक्षा होती. १८४० मध्ये 'दर्पण' बंद झालं.

पुढे छपाई हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. रत्नागिरी शहरातूनही १९व्या शतकातच 'जगन्मित्र' आणि 'सत्यशोधक' ही साप्ताहिकं निघू लागली. (नाव सारखं असलं, तरी रत्नागिरीचं 'सत्यशोधक' आणि महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) म्हणजे छापखाना मुंबईहून जिल्ह्याच्या ठिकाणी आला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून खेड्यात जाण्याचं शेवटचं पाऊल मात्र बाकी होतं.

'दीनबंधू'ने शिकवलेला धडा

हे शेवटचं पाऊल कोणी आणि का टाकलं, हे कळण्यासाठी पुण्याला जावं लागेल.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींचं म्हणणं मांडणारं पत्र तेव्हा नव्हतं. फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी ही उणीव ओळखली आणि १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यातून 'दीनबंधू' सुरू केलं. दख्खनमध्ये तेव्हा मोठा दुष्काळ होता. अशा वेळी शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारं पत्र निघालं खरं, पण ते चालवणं सोपं नव्हतं. वर्गणीदार गरीब, जाहिराती जवळजवळ नाहीत. १८८० मध्ये 'दीनबंधू'ची जबाबदारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी घेतली आणि पत्र मुंबईला गेलं. हेच लोखंडे पुढे गिरणी कामगारांचे पहिले नेते म्हणून ओळखले गेले.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. त्याची सुरुवातीची प्रकरणं 'दीनबंधू'त आली, पुढची आली नाहीत. सरकारवर आणि समाजव्यवस्थेवर इतकी थेट टीका छापणं संपादकाला जोखमीचं वाटलं असावं. स्वतः महात्मा फुल्यांचं लिखाण, तेही आपल्याच चळवळीच्या पत्रात, पूर्ण छापून येऊ शकलं नाही.

पत्र आपल्या विचारांचं असणं पुरेसं नाही. छापायचं की नाही हा शेवटचा निर्णय कोणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

मुकुंदराव तरवडीत कसे आले?

मुकुंदराव पाटील (१८८५ ते १९६७) हे 'दीनबंधू' सुरू करणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. ते तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. याच घराण्यातले गणपतराव सखाराम पाटील यांनी १८८८ मध्ये 'दीनमित्र' नावाचं मासिक काढलं होतं. गणपतरावांचं आयुष्य कमी ठरलं आणि मासिकही बंद पडलं.

म्हणजे मुकुंदरावांकडे दोन्ही घरांतून वारसा आला. जन्मदात्याकडून 'दीनबंधू'चा, दत्तक घराकडून 'दीनमित्र'चा. २३ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी 'दीनमित्र' पुन्हा सुरू केलं, या वेळी साप्ताहिक म्हणून. सुरुवात नगर जिल्ह्यातल्याच सोमठाणे या खेड्यातून झाली आणि पुढे पत्राचं घर झालं तरवडी.

त्यांना पुण्याला किंवा मुंबईला जाऊन पत्र काढता आलं असतं. वडिलांचं कामच पुण्यातलं होतं, तिथे ओळखी होत्या. पण ज्यांच्यासाठी लिहायचं ते खेड्यात, ज्यांच्याविरुद्ध लिहायचं तेही खेड्यात. सावकार, वतनदार, भिक्षुक, पोथ्या सांगून पैसे उकळणारे, हे सगळे रोज डोळ्यांसमोर. मग छापखानाच खेड्यात का नेऊ नये?

खेड्यात छापखाना टाकायचा म्हणजे काय?

आज 'पोस्ट' करणं म्हणजे एक बटण दाबणं. तेव्हा काय करावं लागायचं, हे जरा बारकाईने पाहू, कारण त्यातूनच या कामाचं वजन कळतं. वजन हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या.

छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एक छोटा तुकडा आणि त्याच्या टोकावर उलटं कोरलेलं अक्षर, हा एक खिळा. इंग्रजीचं काम लहान-मोठी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं एवढ्यावर भागतं. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात. म्हणून मराठी छापखान्यात खिळे ठेवायच्या लाकडी केसेस जास्त, जागा जास्त आणि शिशाचं वजनही जास्त.

हे खिळे एकेक करून ओळीत लावणारा माणूस म्हणजे जुळारी, म्हणजेच कंपोझिटर. उभ्याने काम, नजर बारीक आणि अक्षरं सगळी उलटी. ओळी झाल्या की पान, पानं झाली की फर्मा. तो यंत्रावर घट्ट बसवायचा, शाई लावायची, आधी कच्चा छाप काढून चुका तपासायच्या आणि मग छपाई. वीज नसलेल्या गावात यंत्र चालणार हाताने किंवा पायाने. छपाई संपली की काम संपत नसे. सगळे खिळे सोडवून, पुसून, पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण पुढच्या आठवड्याचा अंक त्याच खिळ्यांवर निघायचा.

छापखान्याच्या इमारतीची रचनाही यावरून ठरायची. यंत्र आणि शिसं जड, म्हणून छापखाना शक्यतो तळमजल्यावर. खिळे बारीक, म्हणून केसेस खिडकीजवळ, उजेडात. कागद ओलाव्याने फुगतो, म्हणून कोरडी खोली हवी. टपालाची सोय जवळ असेल तर उत्तम.

खेड्यात यातली प्रत्येक गोष्ट अवघड. कागद, शाई आणि खिळे शहरातून आणायचे. यंत्राचा एखादा भाग मोडला तर दुरुस्तीही तिकडूनच. जुळारी गावात आयता मिळत नाही, त्याला शिकवून तयार करावं लागतं. नगर जिल्ह्यातून दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून धावत होती, त्यामुळे निदान नगर स्टेशनपर्यंत माल येऊ शकत होता. तिथून पुढे गावापर्यंत रस्त्यानेच. आपल्या कोकणाशी तुलना करा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती थेट १९९८ मध्ये. तोवर इथल्या छापखान्यांचा माल बोटीने आणि घाटरस्त्यांनीच यायचा.

त्याच वर्षी आलेला कायदा

१९१० हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने नवा प्रेस कायदा आणला. नवा छापखाना सुरू करणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार या कायद्याने मॅजिस्ट्रेटला मिळाला. जामीन माफ करणंही त्याच्याच हातात होतं. सरकारला आक्षेपार्ह वाटणारं काही छापलं, तर हा जामीन जप्त. पुन्हा तसं घडलं तर छापखानाही जप्त होऊ शकायचा. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

त्याआधीचा १८६७ चा कायदा होताच. छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन लेखी नोंद करायची आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव व ठिकाण द्यायचं, अशी त्याची अट होती. म्हणजे टोपणनावाने लेख लिहिता यायचा, पण छापखाना लपवता यायचा नाही. आज एखादं अकाउंट बंद झालं तर दुसरं उघडता येतं. तेव्हा यंत्र जप्त झालं, तर घरची सगळी पुंजी गेली.

'दीनमित्र'मध्ये असायचं काय?

'दीनमित्र' सत्यशोधक विचारांचं पत्र होतं. शेतकऱ्याचं कर्ज, सावकारी, शिक्षण, अंधश्रद्धा, भटजीविना लग्न लावण्याचा हक्क, अस्पृश्यता हे त्याचे विषय. भाषा गावातलीच, थेट आणि अनेकदा बोचरी.

मुकुंदराव स्वतः साहित्यिकही होते. त्यांचं 'कुलकर्णी लीलामृत' १९१३ मध्ये आलं. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कुलकर्णी हे आज आपल्याला आडनाव म्हणून माहीत आहे, पण तेव्हा ते गावातलं एक वंशपरंपरागत पद होतं. गावचे जमिनीचे आणि वसुलीचे कागद कुलकर्ण्याकडे असायचे. शेतकऱ्याला वाचता येत नसे, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय हे कुलकर्णी सांगेल तेच खरं. या पदाचा गैरवापर कसा होतो, हे मुकुंदरावांनी ओवीबद्ध पोथीच्या रूपात मांडलं. पोथी ऐकायची सवय गावाला होतीच. त्यांनी तोच साचा घेतला आणि त्यात गावातलं वास्तव भरलं.

यावर वादळ उठणं साहजिक होतं, आणि ते उठलं. पण प्रश्न हवेतला नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द केलं आणि पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा आला तो १९५० मध्ये. म्हणजे तरवडीच्या छापखान्यातून जो विषय मांडला जात होता, त्याला राज्यभर कायद्याचं रूप यायला जवळजवळ चार दशकं गेली.

पण वाचायचं कोण?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. १९११ च्या जनगणनेनुसार भारतात १०० पैकी साधारण ६ लोकच साक्षर होते. खेड्यात तर त्याहून कमी.

पण तेव्हाचं वृत्तपत्र वाचण्याइतकंच ऐकण्यासाठी असायचं. गावात एकाला वाचता आलं तरी पुरे. चावडीवर, देवळाच्या ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अंक एक, ऐकणारे वीस. वर्गणीदारांच्या आकड्यावरून अशा पत्राचा परिणाम मोजता येत नाही. आज एक फॉरवर्ड किती फोनांवर फिरला, हे जसं मूळ पाठवणाऱ्याला कळत नाही, तसंच.

गावोगाव पोचवण्याचं काम टपाल खात्याचं. नोंदणी केलेल्या वृत्तपत्रांना टपालात सवलतीचा दर मिळायचा. ही सवलत नसती, तर एका खेड्यातून निघणारं पत्र इतर खेड्यांत पोचवणं परवडलंच नसतं.

१९६७ नंतर

१९६७ मध्ये मुकुंदरावांचं निधन झालं आणि 'दीनमित्र'चा प्रवासही संपला. एका माणसाच्या जिद्दीवर उभ्या असलेल्या बहुतेक पत्रांचं असंच होतं. माणूस गेला की पत्र जातं, मग यंत्र भंगारात, खिळे वितळवायला आणि अंक वाळवीला.

'दीनमित्र'च्या बाबतीत तसं पूर्ण झालं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला स्थायिक झालेल्या अभ्यासक गेल ऑम्वेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास लिहिला, तो ग्रंथ १९७६ मध्ये आला. त्यात 'दीनमित्र'चा आधार जागोजागी घेतलेला दिसतो. खेड्यातल्या माणसाने खेड्यातल्या माणसासाठी काय लिहिलं, हे त्या अंकांशिवाय कळलंच नसतं. शहरातल्या वृत्तपत्रांत ते छापलेलं नव्हतं.

सगळ्याच छापखान्यांच्या नशिबी हे नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलंच आंबडवे, त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं. चळवळीला स्वतःचा छापखाना हवा, हे त्यांनीही ओळखलं आणि मुंबईत तो उभा राहिला. दादरच्या आंबेडकर भवनाच्या आवारातली बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची वास्तू जून २०१६ मध्ये रात्रीच्या वेळी पाडली गेली. विरोधात जुलैमध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. छापखान्याची जुनी इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात, हे लाखो लोकांना माहीत होतं.

आणि कधी कोणी पाडावं लागतही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला. १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी गेलं आणि ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. कोकणात जुना कागद जपायचा म्हणजे पावसाशी, ओलाव्याशी आणि वाळवीशी वर्षभर झगडा.

तुमच्या गावचा छापखाना कसा शोधाल?

तुमच्या गावातून किंवा तालुक्यातून कधी एखादं साप्ताहिक निघायचं का? बऱ्याच जणांना माहीत नसतं. शोधायचं असेल तर या चार गोष्टी करता येतील.

१. शेवटच्या पानाची तळओळ वाचा. जुना अंक, पंचांग, आरतीसंग्रह, लग्नपत्रिका, काहीही हाती आलं तर तळाशी मुद्रकाचं आणि छापखान्याचं नाव असतं. 'हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक येथे प्रसिद्ध केले' अशा धर्तीची ओळ. कायद्यानेच सक्तीची असल्यामुळे ती सहसा चुकत नाही. गाव, आळी, कधी घराचं नावसुद्धा मिळतं.

२. जुनं गॅझेटिअर पाहा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० चा आहे. असे जुने खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

३. सरकारी अहवाल शोधा. इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा गोषवारा नियमित तयार करून घ्यायचं. हे अहवाल मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. कधी कधी मूळ अंक नष्ट झालेला असतो आणि त्यातलं म्हणणं फक्त सरकारच्या या टिपणांत उरलेलं असतं.

४. जुन्या वाचनालयात विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. अशा ठिकाणी कपाटाच्या तळाशी काय असेल सांगता येत नाही. आणि घरात जुने अंक सापडले तर रद्दीत देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट फोटो काढा, मग अंक वाचनालयाला द्या.

आज आपण सगळेच छापतो, पण आपलं यंत्र कोणाचं तरी दुसऱ्याचं असतं. एखादं पेज एका तक्रारीवर बंद होतं, पाच वर्षांच्या पोस्ट एका रात्रीत जातात आणि दाद कुठे मागायची तेही कळत नाही. तरवडीच्या पाटलांनी शिशाचे खिळे आणि लोखंडी यंत्र गावापर्यंत आणलं, ते छापायचं की नाही हे आपल्यालाच ठरवता यावं म्हणून. 'दीनमित्र'चे अंक आज वाचता येतात. आपण गावाबद्दल आज जे लिहितो आहोत, ते आणखी ५७ वर्षांनी कुठे वाचायला मिळेल, हे ठरवायचं काम अजून आपल्याकडेच आहे.